ताजा कलमातला तज्ज्ञ

पत्र:

ताई, नमस्कार. मी एकोणीस वर्षं घरांची गळती आणि ओल काढण्याचं काम करतो. हाताखाली तीन माणसं आहेत. काम चोख आहे, गिऱ्हाइकांची तक्रार नाही. पण काम येतं ते ओळखीतून, आणि ओळखी आता आटत चालल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी या धंद्यात आलेला एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ टाकतो, स्वतःला 'वॉटरप्रूफिंग एक्स्पर्ट' म्हणवतो आणि लोक त्याच्याकडे जातात. त्याने केलेली दोन कामं मी नंतर जाऊन निस्तरली आहेत. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हीही तज्ज्ञ म्हणून नाव करा. पण माझ्याकडे डिग्री नाही. बोलायला मला जमत नाही. शिवाय धंद्यातलं गुपित सगळ्यांना सांगून टाकलं तर माझ्याकडे कोण येईल? आणि एवढं करून किती दिवसांत फरक पडतो? कृपया नाव छापू नये.

ता. क. मागे एका उत्तरात तुम्ही तुमच्या कपाटामागच्या भिंतीला ओल येते असं लिहिलं होतं. लगेच कुणाला बोलावू नका. जागा फडक्याने कोरडी पुसून हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब वरून, खोलीच्या बाजूला जमले तर ओल हवेतली आहे. कपाट वीतभर पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा, काही खर्च नाही. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. मग मात्र माणूस बोलवा.

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र दीड पानाचं. त्यातलं सव्वा पान काळजीचं आहे आणि शेवटच्या पाव पानात त्या काळजीचं उत्तर आहे, ते तुम्हीच लिहिलंय. बोलायला जमत नाही म्हणता, आणि एका परिच्छेदात मला माझ्या भिंतीपाशी नेऊन उभं केलंत. काय करायचं ते सांगितलंत, काय दिसेल ते सांगितलंत, आणि 'लगेच कुणाला बोलावू नका' हे सगळ्यात आधी सांगितलंत. जो माणूस ओल काढून पोट भरतो तो म्हणतो की अजून कुणाला बोलावू नका! त्यानंतर त्याने 'आता बोलवा' म्हटलं तर मी दुसऱ्या कुणाला फोन करीन का?

आधी त्या मुलाविषयी, कारण तो तुमच्या डोक्यातून जात नाहीये. त्याला काम का मिळतं ते समजून घ्या. दोरी घेताना आपण ताणून बघतो. खुर्ची चांगली की वाईट ते चार महिने बसल्यावर कळतं. पण काही कामं अशी असतात की ती झाल्यावरही, पैसे देऊन झाल्यावरही, गिऱ्हाइकाला कळत नाही की एवढं करायची खरंच गरज होती का. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांवर लिहिलं. दुरुस्तीची कामं आणि डॉक्टरचे उपचार ही त्यांची ठरलेली उदाहरणं. इथे गिऱ्हाईक मालावर नाही, माणसावर विश्वास ठेवून पैसे मोजतं. तुमचा धंदा नेमका याच जातीचा. बाथरूमच्या फरशा उखडल्या, नव्या बसवल्या, ओल गेली. ती फरशांमुळे गेली की दरम्यान पाऊस थांबला म्हणून गेली? घरमालकाला कुठून कळणार? मग तो खुणा शोधतो. हा माणूस जाणकार वाटतो का, आपण विचारलं तर नीट सांगतो का, याचं काम आधी कुठे दिसतं का. त्या मुलाने खुणा पुरवल्या. तुम्ही फक्त काम पुरवलंत, आणि तुमचं काम गिलाव्याच्या आत झाकलेलं असतं. चांगलं झालं तर दिसतच नाही.

म्हणून राग सोडा, आणि त्याची निस्तरलेली दोन कामं कुठेही बोलून दाखवू नका. नाव न घेता, आडूनसुद्धा नाही. चूक सांगायची तर चुकीचीच गोष्ट सांगा: ओल्या भिंतीवर केमिकल फासलं की पाणी आत कोंडतं आणि शेजारून वाट काढतं. एवढं ऐकून ज्याची भिंत तशी झालीय तो ओळखतो.

आता गुपिताचं. तुमच्या चार प्रश्नांत खरा प्रश्न हाच आहे.

हे सदर लिहायला लागण्याआधी मी बावीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत होते. सुरुवातीला पत्रकं छापली: 'सर्व प्रकारच्या मशीन दुरुस्तीतील तज्ज्ञ.' हजारभर वाटली असतील. आलेले फोन एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. त्या काळात माझ्याकडे सगळ्यात जास्त कुठली तक्रार यायची सांगू? 'खालून दोऱ्याचं गुंतवळ होतंय, बॉबिन बिघडलंय.' निम्म्या वेळा बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, काहीही झालेलं नसायचं. गुंता कापडाच्या खाली दिसतो, पण चूक वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबणारा पाय खाली टेकलेला असताना दोरा ओवला की तो दोरा ताणून धरणाऱ्या दोन चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, वरून ढिला धावतो आणि खाली जाऊन साचतो. पाय वर करायचा, दोरा काढून पुन्हा ओवायचा, झालं. मी ते अर्ध्या मिनिटात करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. घेताना मान खाली असायची. ते माझं गुपित.

एक दिवस कंटाळून मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनच्या खणात एकेक चिठ्ठी टाकायला लागले. 'खाली गुंता? आधी पाय वर करा, दोरा पुन्हा ओवा. तरी होत असेल तर मला सांगा.' खाली नाव आणि नंबर. अर्ध्या मिनिटाची कामं बंद झाली, हे खरं. पहिले काही महिने गल्ल्याला ते जाणवलं. पण ती चिठ्ठी शिवण शिकवणाऱ्या बायकांच्या हातात गेली, त्यांनी ती भिंतीला चिकटवली, आणि मग फोन यायला लागले ते 'पाय वर करून पाहिला, तरी होतंय' असे. म्हणजे ज्यांचं मशीन खरंच बिघडलंय असे. येताना ते भाव करत नव्हते, कारण ही बाई उगाच पैसे घेत नाही हे त्यांना आधीच कळलेलं होतं.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. ही म्हण ज्याच्या मुठीत काही नाही त्याच्या सोयीची आहे. तुमच्या मुठीत एकोणीस वर्षं आहेत. प्लास्टिकची युक्ती वाचून कोणी गच्चीचे सांधे स्वतः भरायला बसत नाही. जो बसतो तो तुमचं गिऱ्हाईक कधीच नव्हता, आणि त्याने केलेलं निस्तरायला पुढे तुम्हालाच बोलावतील. निदान सांगून टाका. हात तुमचेच आहेत, ते कोण चोरणार?

हे काही आजकालच्या मोबाइलवाल्यांनी शोधलेलं नाही. १९०० साली फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या, तेव्हा मिशलिन या टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका छापून फुकट वाटली. टायर कसा बदलायचा, इंधन कुठे मिळेल, मेकॅनिक कुठे आहे, मुक्काम कुठे करता येईल, हे सगळं त्यात. वीस वर्षं ती फुकट होती. टायर बदलायला शिकवलं म्हणून त्यांचे टायर कमी खपले नाहीत. माणसं निर्धास्त होऊन लांब जायला लागली, आणि लांब गेलं की टायर झिजतात. अमेरिकेत जॉन डीअर ही नांगर विकणारी कंपनी, तिने १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी शेतीची माहिती देणारं नियतकालिक काढलं. ते अजून निघतं.

मात्र सांगायचं कुठल्या भाषेत, इथे भले भले घसरतात. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक गमतीचा प्रयोग केला. एकाने प्रसिद्ध गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी सहज ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चाललेलं असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. तुम्ही 'पीयू कोटिंग', 'ग्राउटिंग' म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात गाणं असतं. घरमालकाला टकटक ऐकू येते.

तेव्हा एक वही करा. महिनाभर जो फोन येईल त्यातला पहिला प्रश्न, माणसाने विचारला त्याच शब्दांत, लिहून ठेवा. सुधारून लिहू नका. कुणीही 'मला वॉटरप्रूफिंग हवंय' असं म्हणत नाही. लोक म्हणतात, 'रंग लावला की सहा महिन्यांत पोपडे सुटतात.' 'भिंतीवर पांढरी पावडर येते, पुसली तरी परत येते.' 'वरच्यांचं बाथरूम आमच्या डोक्यावर नाही, मग छताला डाग कसा?' महिनाअखेर वही पाहा. प्रश्न साठ असोत की शंभर, मुळात दहा-बाराच निघतील. तेच तुमचे विषय. एकेकाचं उत्तर तुमच्या ताजा कलमाइतक्याच लांबीत लिहा, त्याच चालीत: आधी हे पाहा, असं दिसलं तर घरीच हे करा, तसं दिसलं तर माणूस बोलवा.

छताच्या डागाचंच घ्या. तुमच्यासाठी ते रोजचं आहे: ओल दिसते तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही. ते सांध्यातून शिरतं, स्लॅबमधून किंवा पाइपाच्या कडेने सरकत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे डोकं वर काढतं. घरमालकाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्याला धक्काच बसतो, कारण तो तीन वर्षं डागावरच रंग फासत असतो. (माझ्या गुंतवळासारखंच झालं की हे. दिसतं खाली, चूक वर.) आणि पाऊस नसताना डाग वाढत असेल तर? रात्री झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, रात्रीत पाणी वापरू नका, सकाळी परत पाहा. आकडा सरकला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी गळतंय. हे तुम्ही फोनवर किती वेळा सांगितलं असेल! प्रत्येक वेळी एकाच माणसाला सांगितलंत, एवढंच.

यातून आपसूक आणखी एक गोष्ट होईल. तुमचं नाव एका प्रश्नाला चिकटेल. 'सर्व प्रकारची कामं' करणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. तो मुलगा कोटिंगचे प्रकार दाखवतो, डबे दाखवतो. त्याला दाखवू द्या. ओल नेमकी कुठून येते ते शोधून काढणारा माणूस, ही जागा मोकळी आहे आणि तुम्हाला ती शोभते. शोध लागल्यावर काम कुणाला मिळणार हे वेगळं सांगायला नको.

डिग्रीविषयी कुणी विचारलं आहे का तुम्हाला, एकोणीस वर्षांत? 'तज्ज्ञ' हा शब्द मात्र स्वतःसाठी वापरू नका, कार्डावर नको आणि तोंडीही नको. हातच्या काकणाला आरसा कशाला. तो शब्द दुसऱ्याने वापरायचा असतो. तुम्ही पुरावा ठेवा. काम सुरू करण्याआधीचा फोटो, भिंत उघडल्यावर आत काय निघालं त्याचा फोटो, आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे पुढचा पावसाळा संपल्यावर त्याच भिंतीचा फोटो, तारखेसह. हा तिसरा फोटो धंद्यात तीनच वर्षं झालेल्या माणसाकडे फारसा नसणार. तुमच्याकडे ढीगभर असू शकतात, फक्त परत जाऊन काढायला हवेत. गेलात की गिऱ्हाईकही खूश, काम संपल्यावर कोण परत विचारायला येतं? पैसे देऊन चांगले अभिप्राय लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांवर नियमच केला आहे. पण कायदा जाऊ द्या, तुमच्यासारख्याचं नाव असल्या एका गोष्टीने जाईल.

आणि जिथे येत नाही तिथे 'हे माझं काम नाही' म्हणा. हे मी महागात शिकले. माझं नाव व्हायला लागल्यावर एकांनी भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'तुम्हाला काय, सगळंच येतं' असं म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. ते मशीन माझ्याकडे सहा आठवडे पडून राहिलं आणि आलं होतं त्याहून वाईट अवस्थेत परत गेलं. त्या बाई ओळखीच्या शिवणवर्गाच्या होत्या. माझी चिठ्ठी त्या भिंतीवरून निघाली. तुमच्याकडे तुळईला किंवा खांबाला तडे गेलेलं घर आलं तर ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवा, आणि पाठवलं हेही लोकांना सांगा. कधी एखादं निदान चुकलं असेल तर तेही लिहा. काय दिसलं, मी काय समजलो, खरं काय निघालं. चूक कबूल करणारा माणूस बाकीचं खरं सांगत असणार असं लोक धरून चालतात.

बोलण्याचं: कॅमेऱ्यासमोर उभं राहून 'नमस्कार मित्रांनो' म्हणणं तुम्हाला शोभणारही नाही. मुलीला एक दिवस कामावर घेऊन जा. तुम्ही भिंत ठोकून पाहताय, पोकळ आवाज येतोय, गिलावा बोटाने सुटतोय, आणि ती मागून विचारतेय, 'बाबा, हे असं का?' तिला जसं सांगाल तसं सांगा. तिने फक्त तुमचे हात टिपायचे. चेहरा दिसला नाही तरी चालेल.

एक जागा मात्र तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. ओलीचा पहिला फोन ओलवाल्याला जातच नाही. तो रंगाऱ्याला जातो, नाहीतर प्लंबरला. आणि रंगाचे पोपडे सुटले की शिव्या रंगाऱ्याला बसतात, त्याचा काही दोष नसताना. तुमच्या ओळखीचे चार रंगारी गाठा, त्यांना प्लास्टिक लावायला शिकवा, पांढरी पावडर दिसली की तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला भिंतीतला क्षार आहे आणि वरून रंग टिकणार नाही हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं ते शिकवा. त्यांची अब्रू वाचेल. थेंब आत आले की त्यांच्या तोंडी कुणाचं नाव येईल? माझ्यासाठी शिवण शिकवणाऱ्या बायका होत्या, तुमच्यासाठी रंगारी आहेत. व्हिडिओच्या आधी हे करा.

किती दिवसांत, याचं उत्तर दिवसांत नाही. मला दुसरं वर्ष उजाडलं. सुरुवातीला फक्त फुकटे फोन येतात, आणि तेव्हा हात आखडावासा वाटतो. फोनवर दहा मिनिटं द्या, जरूर द्या. पण फुकट सल्ला वेगळा आणि फुकट फेरी वेगळी. घरी येऊन तपासायचं तर त्याची फी सांगा, काय सापडलं ते कागदावर लिहून द्या, आणि काम तुम्हालाच मिळालं तर फी बिलातून वजा करा. कागद हातात आला की माणूस तो दुसऱ्या दोघांना दाखवतो. दाखवू दे. त्यावर तुमचं नाव आहे.

हे उत्तर लिहायला घेण्याआधी मी प्लास्टिक लावलं होतं. दोन दिवसांनी पाहिलं तर थेंब वरून, खोलीच्या बाजूला. कपाट पुढे ओढलंय. तीच युक्ती बहिणीला सांगितली, तिच्याकडे जिन्यालगतची भिंत कायम दमट असते. काल तिचा फोन आला, थेंब आतून आहेत. ती विचारतेय, हे कुणी सांगितलं, त्यांचा नंबर दे. सदराच्या नियमाप्रमाणे मला तो देता येत नाही. तुमची हरकत नसेल तर एका ओळीचं पत्र टाका.